उशीचं कांस्यपदक

लाँड्रीत त्याला सगळे उशी म्हणत, आणि त्यात थोडा दोष त्याचाही होता. नऊ वर्षांपूर्वी, कामाच्या पहिल्याच दिवशी, हॉस्पिटलमधून धुवायला आलेल्या उशांच्या ढिगावर त्याचा जरा डोळा लागला. मुकादमाने उशी फुगवताना मारतात तशी एक थाप त्याच्या दंडावर मारली आणि म्हणाला, "ही एक धुवायची राहिली की रे." सगळे हसले. तोही हसला. तिथेच चुकलं. नव्या माणसाने पहिल्या दिवशी कशाकशाला हसायचं ते आधी ठरवून यावं; एकदा हसून दाखवलं की ते त्याच्या कामातच धरलं जातं.

तेव्हापासून सकाळी सहाच्या पाळीची बोहनी त्याच्यावर होऊ लागली. रात्रभर टाकीत भिजलेल्या चादरी उपसायच्या म्हणजे बोटं बधिर होतात, म्हणून आधी हात गरम करून घ्यावेत, अशी मुकादमाची शास्त्रशुद्ध मांडणी होती. सात माणसं, प्रत्येकी एक गुद्दा, डाव्या दंडावर. रागाने कोणी मारत नसे. "काय उश्या, पोरीचा ताप उतरला का?" असं आपुलकीने विचारायचं, उत्तर पुरतं ऐकून घ्यायचं, "बरं झालं बाबा" म्हणायचं आणि मग मारायचं. पिळणीच्या मशीनवरचा गडी तर सुट्टीवरून आला की बुडालेल्या दिवसांचे गुद्देही मारून घेई. कामं तुंबू द्यायची नाहीत, असा त्याचा बाणा होता.

नऊ वर्षं उशी उजव्या कुशीवरच झोपत होता. पलंग असा लावलेला की त्यामुळे बायकोच्या वाट्याला त्याची पाठ यायची. "लग्न तुमच्याशी झालं, संसार तुमच्या पाठीशी चाललाय," ती म्हणायची. आणि कधी दंडाला तेल चोळताना, "जगाच्या चादरींवरचे डाग काढता, हा एक तेवढा निघत नाही तुमच्याच्याने."

तो हसायचा. हसायची सवय लागली होती.

मग एका सकाळी वाळवणीच्या मशीनवर कोणीतरी जाहिरात चिकटवली. नवशिक्यांसाठी हौशी बॉक्सिंग स्पर्धा, वय चाळीसच्या आत, वजनाप्रमाणे गट. पिळणीवाला मोठ्याने वाचून म्हणाला, "उश्या, मार खायचा अनुभव किती म्हणून विचारलंय. नऊ वर्षं लिहू का?"

"लिहा," उशी म्हणाला.

मशीनं चालूच होती, पण माणसं थांबली. मुकादम जवळ आला. "खरंच उतरणार?"

"उतरतो. पण पदक आणलं तर माझी बोहनी बंद करायची."

मुकादमाने उरलेल्या सहा जणांकडे पाहिलं. सगळ्यांचे चेहरे फुकटचा तमाशा मिळाल्यासारखे खुलले होते. "दिला शब्द," तो म्हणाला. "पदक आण, तुझ्या दंडाला बोट लावणार नाही कोणी." आणि शब्द पक्का व्हावा म्हणून त्या दिवशीचा गुद्दा जरा जोरात मारला.

लाँड्रीत बोहनीच्या रांगेत कधीही उभा न राहिलेला एकच माणूस होता, रफूवाले काका. खिडकीखालच्या स्टुलावर बसून फाटक्या चादरी सांधायचे. वय अठ्ठावन्न, नाक स्वल्पविरामासारखं डावीकडे वळलेलं. तरुणपणी ते पाच लढती खेळले होते, आणि नाक त्यातल्या तिसरीत वळलं. त्यांना कोणी कधी छेडत नसे, कारण सातही जणांच्या विजारी तेच फुकटात शिवून देत. दुपारच्या सुट्टीत ते उशीला म्हणाले, "गोदामात ये. येताना चार टॉवेल आण."

दोन महिने रोज अर्धा तास काकांनी दोन्ही पंज्यांना घड्या केलेले टॉवेल बांधले आणि उशीने त्यावर गुद्दे मारले. गुद्दा दंडातून निघत नाही, टाचेतून निघतो, कमरेत वळतो आणि खांद्यातून बाहेर पडतो, हे त्याला चौतिसाव्या वर्षी कळलं. तो दमला की काकांचं एकच पालुपद असे, "मनगट सरळ ठेव. वाकलं की तुझंच मोडेल." काकांच्या हातांना संध्याकाळी कंप सुटायचा, सुईत दोरा ओवताना तिघांना हाका माराव्या लागायच्या. कंप कशाने सुटतो ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

वजनाचं कामही काकांनीच पाहिलं. लाँड्रीच्या दारात मळक्या कपड्यांची गाठोडी तोलायचा मोठा तबकडीचा काटा होता. उशी त्यावर उभा राहिला. त्रेपन्न.

"दोन किलो उतरव," काका म्हणाले. "एक्कावन्नच्या गटात काडीसारखी पोरं असतात. तुझ्या या खांद्यांपुढे टिकतील का?"

"काका, कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडेही काटा आहे."

"तो रस्त्यावरचा काटा. हा हॉस्पिटलला मान्य आहे. बारा वर्षांत एका चादरीचा फरक नाही."

हे खरंच होतं. दोन किलोंसाठी उशीने रात्रीचं जेवण सोडलं. बायको ताट वाढायची, तो ताटासमोर बसायचा, मुलीच्या अभ्यासाची चौकशी करायचा आणि पाणी पिऊन उठायचा. "ताट उष्टं तरी करा," ती म्हणाली, "म्हणजे घासल्याचं समाधान मिळेल." शेवटच्या आठवड्यात काट्याची सुई एक्कावन्नच्या जरा अलीकडे थांबली तेव्हा काकांनी त्याला मिठी मारली. उशीचं डोकं भुकेने गरगरत होतं, त्यामुळे ती मिठी आधारालाही उपयोगी पडली.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये वजनं झाली. यादीवाल्याने चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाला, "एकोणसाठ आठशे."

"एक्कावन्नच्या आत आहे," काका म्हणाले.

"साहेब, हा माणूस एकोणसाठ किलो आठशे ग्रॅम आहे. याच्यातले नऊ किलो कुठे गेले ते तुम्ही सांगा."

आणि काकांना ते नऊ किलो आठवले. ती ट्रॉली होती. लाँड्रीत गाठोडी ट्रॉलीसकट काट्यावर चढवत, आणि ट्रॉलीचं वजन मोजलं जाऊ नये म्हणून काटा कायमचा नऊ घरं मागे करून ठेवलेला होता. रिकाम्या काट्याची सुई शून्याच्या मागेच पडलेली असायची. रोज बघून बघून ती तिथेच शोभते असं सगळ्यांना वाटायचं. उशी ट्रॉलीत बसून तोलला गेला असता तर वजन बिनचूक आलं असतं. उभा राहिला म्हणून चुकलं.

काका खाली बसले. "माझ्या डोक्यात कसं आलं नाही रे," ते एवढंच म्हणत राहिले.

"जाऊ दे काका," उशी म्हणाला. त्याला आधी आठवली ती साठ दिवसांची ताटं.

यादीवाला दयाळू होता, असं त्याचं स्वतःचं मत होतं. साठच्या गटात तीनच नावं होती, त्याने चौथं लिहून टाकलं.

उशीच्या वाट्याला टायरच्या दुकानातला माणूस आला. ट्रकची चाकं हातोड्याने उपसून त्याचे हात कोपरापासून खाली मांडीएवढे झाले होते. पहिल्या रांगेत लाँड्रीचे सातही जण आले होते, आणि पिळणीवाल्याने खरोखरची उशी आणून मांडीवर घेतली होती.

घंटा झाली. उशीने डावा हात सरळ फेकला, टाचेतून, कमरेतून, खांद्यातून, आणि तो टायरवाल्याच्या नाकावर नेमका बसला. मनगट सरळ होतं. टायरवाल्याने, ओळखीचं गिऱ्हाईक दुकानात शिरल्यावर हलवतात तशी मान हलवली. मग त्याने काम सुरू केलं.

पुढचं चाळीस सेकंदांत आटोपलं. उशीला पहिले दोन ठोसे दिसले, तिसरा लागल्यावर कळला, आणि चौथा कोणाला लागला याबद्दल तो बराच वेळ साशंक होता. तो गुडघ्यांवर होता आणि पंच आकडे मोजत होते. त्यांच्यासोबत पहिली रांगही तालात मोजत होती, गाठोडी उतरवून घेताना मोजायची तशीच. आठाला तो उठला. पंचांनी त्याच्या डोळ्यांत पाहून लढत थांबवली. पिळणीवाल्याने मांडीवरची उशी हवेत उडवून झेलली.

संध्याकाळी यादीवाल्याने त्याला बोलावून गळ्यात कांस्यपदक घातलं.

"मी तर हरलो."

"उपांत्य फेरीत हरलात. तिथे हरणाऱ्या दोघांनाही कांस्य. गटात चारच जण होते, तेव्हा तुमची पहिली फेरी हीच उपांत्य." त्याने पुढचं नाव पुकारलं.

परत जाताना लाँड्रीच्या टेम्पोत मुकादमाने त्याला पुढे, आपल्या शेजारी बसवलं. नऊ वर्षांत तो पुढे बसला नव्हता. पहिला चहाचा कप त्याला दिला गेला. सगळे मागून वाकून पदक हातात घेऊन बघत होते. काका अगदी मागे, गाठोड्यांवर बसले होते.

"पण उश्या, तू तर एक्कावन्नमध्ये होतास ना? साठात कसा गेलास?" मुकादमाने विचारलं.

काट्याची गोष्ट आतापर्यंत दोघांनाच ठाऊक होती. "काहीतरी घोळ झाला" म्हटलं असतं तर भागलं असतं. पण चहा गरम होता, सात जण त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि तो पुढे काय म्हणतोय याची वाट पाहत होते. त्याने सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, रंगवून सांगितलं. काकांचा आवाज काढला, "हा हॉस्पिटलला मान्य आहे." टेम्पो हसून हलायला लागला. मुकादमाने डोळे पुसले. लोक आपल्या बोलण्यावर हसतात ते किती वेगळं लागतं, हे उशीला पहिल्यांदा कळलं. मागे इंजिनाच्या आवाजात काकांना नीट ऐकू येत नव्हतं. सगळे हसताहेत म्हणून तेही हसत होते.

त्या रात्री सुजलेला डोळा वर ठेवायचा म्हणून तो डाव्या कुशीवर झोपला. बायको त्याच्याकडे बघत म्हणाली, "असे दिसता होय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो आत शिरला तेव्हा सातही जण दाराशी उभे होते. मुकादमाने सगळ्यांदेखत हात मागे बांधले. "शब्द म्हणजे शब्द. याला आजपासून बोट लावायचं नाही."

कोणी लावलं नाही. उशीला वाटलं, आता छाती भरून श्वास घ्यावा.

"पण हात गार पडलेत," पिळणीवाला म्हणाला.

"ते आहेच," मुकादम म्हणाला, आणि खिडकीखालच्या स्टुलाकडे वळला. "काका, जरा या इकडे. नऊ किलोचा हिशेब राहिलाय."

काकांनी सुई चादरीत टोचून ठेवली आणि ते हसत हसत आले. त्यांनी उशीकडे पाहिलं, तेव्हा ते हसू थोडं कमी झालं. काय सांगितलं गेलं आणि कोणी, हे त्यांना तेवढ्यात उमगलं असावं.

"पहिला मान पदकवाल्याचा," मुकादम म्हणाला.

उशी नाही म्हणू शकत होता. पदक खिशात होतं, दिलेला शब्द सगळ्यांनी ऐकलेला होता. पण शब्द एका दंडाचा होता, आणि आज नाही म्हणणारा उद्या कुठे उभा असेल हे त्या खोलीत त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

"काय काका," त्याने विचारलं, "हातांचा कंप कसा आहे?"

"बरा आहे."

"बरं झालं," उशी म्हणाला, आणि मारला. हलकाच मारायचा होता. पण दोन महिन्यांची शिकवणी अंगात मुरलेली, गुद्दा आपला टाचेतूनच निघाला.

काका दोन पावलं मागे गेले. दंड चोळत, इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "मनगट वाकतंय रे."

उशी हसला आणि बाजूला झाला, कारण मागे रांग होती.