आराखड्यावर हरकत

अन्याय झाला तो गोराईच्या खाडीकाठी बोंबील सुकवणाऱ्या एका बाईवर, आणि तो झाला गेल्या वर्षी होळीच्या आदल्या सोमवारी सकाळी. तिचे बोंबील तेव्हा अर्धेच वाळले होते. जबड्यात जबडा अडकवून दोऱ्यांवर टांगलेले, खाली जमिनीवर जवळा अंथरलेला. टेम्पोतून माणसं उतरली, त्यांनी जवळ्याचा एक कोपरा पायानं बाजूला सारला, खड्डा खणला आणि पाटी रोवली : ‘मोकळी जागा. अतिक्रमण करू नये.’

गावात त्या जागेला खळं म्हणतात. लग्न होऊन आल्यापासून ती बाई तिथे मासळी सुकवते, तिच्या आधी तिची सासू सुकवायची. नव्या विकास आराखड्यात मात्र तिथे एक पांढरा चौकोन होता आणि चौकोनात ‘प्रस्तावित वाहनतळ’. हरकती मागवल्या होत्या. सुनावणी व्हायची होती. अजूनही व्हायचीच आहे.

मी तिला मावशी म्हणते. नातं काही नाही. मी कांदिवलीच्या नोकरदार घरातली, आणि कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहिते. पत्रक लिहायची माझी पद्धत ठरलेली आहे. आधी पानाच्या तळाला मागणी लिहायची, मग वर जाऊन कोणावर, कधी, कोणी केलं ते लिहायचं, आणि मधली जागा उरेल तेवढ्यात राग बसवायचा. पाटी रोवली त्याच आठवड्यात मी खळ्यावरचं पत्रक काढलं. हरकत कशी लिहायची, कुठे द्यायची, कधीपर्यंत द्यायची, ते त्यात होतं. बायकांनी हरकती दिल्या. बाकीची पत्रकं बोरिवलीच्या बाजारात वाटली. त्यातली निम्मी चण्याच्या पुड्यांना गेली असणार.

एक प्रत मात्र घाटकोपरच्या एका छोट्या प्रकाशनातल्या संपादिकेकडे पोचली. तिचा फोन आला. “यात पुस्तक आहे. लगेच लिहायला बसू नकोस. आधी मला आराखडा दे. प्रकरणं, प्रत्येकाच्या चार ओळी, आणि शेवट कुठे नेणार ते.”

मला पहिल्यापासूनच शंका होती. कोळीवाड्यांवरची जी पुस्तकं मी चाळली होती, त्यांत काळेपांढरे फोटो होते आणि सगळी क्रियापदं ‘होते’, ‘होत्या’. गाव उठल्यावर पुस्तक निघतं. मग हे गाव उठायच्या आधीच ही बाई पुस्तक का मागतेय? वडिलांना विचारलं तर म्हणाले, “तुझं पत्रक निदान एका पानात संपतं.” त्यांचा सल्ला एवढाच.

तरीही बसले. आठवडाभर जेवणाच्या टेबलावर प्रकरणं मांडली. पहिलं गावाचा इतिहास, दुसरं खाडी, तिसरं-चौथं मासळी आणि बाजार. पाचवं, ‘नकाशा कोणी काढला’. आठवं, ‘विस्थापन’. दिसायला झकास. कुठल्याही सेमिनारमध्ये शोभलं असतं. आराखडा पर्समध्ये टाकला आणि बोटीनं खाडी ओलांडून खळ्यावर गेले.

मावशी दोरीवर बोंबील अडकवत होती. बाकीच्या बायका ताडपत्रीच्या सावलीत मांदेली निवडत बसल्या होत्या.

“काय गं, आज पत्रकं नाय आनली?”

“आज नाही. आराखडा करतेय मावशी.”

तिचे हात थांबले. सावलीतल्या बायकांनीही माना वर केल्या.

“कसला?”

“पुस्तकाचा. या खळ्याचा.”

“तुला कोन बोलला कराला?”

मी घाटकोपरच्या बाईंचं सांगितलं. ते सांगायला नको होतं. मावशीनं हातातला बोंबील परत टोपलीत टाकला. “मागं पाहनीला पन दोगं आलती. तुज्याच वयाची. पोरगी गोड होती. माशांची नावं इचारली, च्या पिली, फोटू काढले. आराखडा करतो बोलली. मग आराखडा लागला तर त्यात आमी नाय.”

“माझा वेगळा आहे.”

“ती पन हेच बोलली.”

मला राग आला. वर्षभर या बाईसाठी कचेऱ्यांचे जिने चढले, आणि तिच्या नजरेत मी एकदम टेम्पोतून उतरलेली. आराखडा या शब्दाला दोन अर्थ आहेत, हे मला माहीत होतं. खळ्यावर त्याचा एकच अर्थ चालतो, हे लक्षात आलं नव्हतं.

सावलीतली एक म्हातारी म्हणाली, “मग लाव भिंतीवर. हरकती कवापरेंत द्यायच्या?”

सगळ्या हसल्या. वाक्य माझंच होतं, पत्रकात ठळक छापलेलं. पण मावशी हसली नाही. “वाच,” ती म्हणाली. “आमी हरकती घेतो.”

मी वाचायला लागले. पहिल्या प्रकरणावर हरकत आली की इतिहासात म्हातारीच्या सासूचं नाव आलं तर ती पुस्तक पाण्यात टाकील. चौथ्यावर हरकत की बाजारातल्या भांडणांचं लिहिलं तर गिऱ्हाईक येणार नाही. यातली निम्मी थट्टा होती, निम्मी नव्हती. मी समासात लिहून घेत होते आणि मनात म्हणत होते, या गतीनं पुस्तकात फक्त भरती-ओहोटी उरेल.

मग पाचवं आलं. ‘नकाशा कोणी काढला’. त्यात मी लिहिलं होतं की पाहणी करणाऱ्यांना खळं दाखवलं ते गावातल्याच एका माणसानं, आणि त्यानंच सांगितलं की ही जागा रिकामी असते. तो माणूस म्हणजे मावशीचा दीर. त्यानं हे मला जेट्टीवर हसत हसत सांगितलं होतं. मावशीला माहीत असणार, असं मी धरून चालले होते. खरं सांगायचं तर मला वाटत होतं की ती वर्षभर त्याला पाठीशी घालतेय.

तिला माहीत नव्हतं. हे मला तिचा चेहरा बघून कळलं.

ती उठली. खळ्याच्या दुसऱ्या टोकाला दीर बोटीचं इंजिन खोलून बसला होता. तिनं इथूनच विचारलं, “काय रं, तू बोललास जागा रिकामी हाय?”

त्यानं मान वर केली. “इचारलं इथं काय हाय. मी बोललो काय नाय, बायका मासळी टाकतात.”

“काय नाय?”

“खोटं बोललो काय? टाकता ना मासळी?” आणि तो पुन्हा इंजिनात वाकला.

मांदेली निवडणारी एक हलक्या आवाजात मला म्हणाली, “पाचवा काढ गं. घरातलं हाय.”

“काढू नको,” मावशी म्हणाली. “पयला कर.”

“पहिलं का?”

“त्यो पुस्तक नाय वाचनार. पयलं पान उघडील, तेवढंच.”

आता बायकांना पुन्हा हसू आलं, पण मला ते हसणंही संशयास्पद वाटलं. मावशीच्या आणि दिराच्या स्वयंपाकघरांमध्ये एक भिंत आहे, आणि त्या भिंतीवरून भांडण आहे, हे मी ऐकून होते. माझं पहिलं प्रकरण त्या भिंतीसाठी वापरलं जातंय का? मी सरळ विचारलं. “मावशी, हे खळ्याचं आहे की भिंतीचं?”

“दोनी,” ती म्हणाली.

“मग नकाशा काढणारे सुटतील. लोक म्हणतील, घरच्या माणसानंच केलं.”

तिनं टोपलीतला मघाचा बोंबील उचलला, दुसऱ्याच्या जबड्यात अडकवला, जोडी दोरीवर टाकली. “मग त्या पोरीला पन पयल्यात घे. दोगांना एकत्र बसव. मना तिनं इचारलं मासा कंचा. जागा कोनाची, ते इचारलं त्याला.”

मी आराखड्यावर पहिल्या प्रकरणाचं नाव खोडलं आणि तेवढंच लिहिलं : ‘जागा कोणाची, ते कोणाला विचारलं’. इतिहास मागे गेला. आठव्याशी आले तेव्हा मावशीनं विचारलं, “ह्यात काय?”

“विस्थापन.”

“म्हंजे?”

“म्हणजे गाव उठलं.”

“कवा उठलं?”

मी आठवं प्रकरण तिच्यासमोर फाडलं. तिनं तुकडे माझ्या हातातून घेतले आणि जवळ्यात पडू नयेत म्हणून कनवटीला खोचले. चहा मात्र त्या दिवशी मिळाला नाही.

संपादिकेनं नवा आराखडा उभ्या उभ्या वाचला. पहिलं प्रकरण तिला आवडलं, ते तिनं लपवलं नाही. मग शेवटचं पान उलटून पाहिलं. “शेवट कुठाय?”

“सुनावणी झालेली नाही.”

“अगं, पुस्तक कुठे चाललंय हे तुलाच ठाऊक नसेल तर वाचक मध्येच सोडतो. पत्रकात ओरडलीस की काम झालं. इथे माणसाला शेवटपर्यंत हात धरून न्यावं लागतं.” ती चूक बोलत नव्हती. “असं कर, दोन शेवट आखून ठेव. जो लागेल तो वापरू.”

“तुम्हाला कुठला चालेल?”

तिनं चष्मा काढला. “खरं सांगू? लोक हरलेला वाचतील. मला छापायला आवडेल तो जिंकलेला.”

प्रामाणिक बाई आहे. तरीही मी दोन शेवट आखले नाहीत. हरलेला शेवट एकदा नीट आखला, त्याला चार ओळी दिल्या, नाव दिलं, की तो चांगलाच दिसायला लागतो. मला माझ्याच हाताची खात्री वाटेना. आठवं प्रकरण मी नाही का केवढं सुबक लिहिलं होतं, गाव जागच्या जागी असताना? शेवटच्या प्रकरणाला मी फक्त नाव दिलंय, ‘हरकत’, आणि खालच्या ओळी कोऱ्या ठेवल्यात. संपादिका म्हणते, असा आराखडा मंजूर होणार नाही. मावशीला हे सांगितलं तर म्हणाली, “त्यांचा पन व्हायचाय.”

पाटी अजून तिथेच आहे. तिच्यावर आता दोरी बांधून बोंबील टांगतात.

आता तुम्ही. तुमच्या भागाचाही आराखडा कुठल्या तरी कचेरीच्या भिंतीवर लागलेला असेल. जा, त्यात ‘मोकळी जागा’ कुठे लिहिलंय ते शोधा, आणि एका सकाळी त्या जागेवर जाऊन उभे राहा. तिथे जी बाई काम करत असेल तिला जागा कोणाची ते विचारा. तिनं सांगितलं तसं, तिच्या शब्दांत लिहा, तिची सही घ्या, आणि मुदत संपायच्या आत हरकत द्या. माझ्या पुस्तकाची वाट बघू नका.