कुंकू लावलेला गेम

व्हिडिओ गेम सुरू करण्याआधी त्याला कुंकू लावावं, असं माझं ठाम मत आहे. हे मत मला फार महागात पडून तयार झालं.

मी लाखांदूरला प्राथमिक शिक्षक. वय पंचेचाळीस. लहानपणी सुट्टीत नागपूरला मामाकडे एक गेम होता. त्यातला बुटका हिरो उड्या मारत खड्डे पार करायचा. त्यात मी उस्ताद होतो. (असं मी लग्न झाल्यापासून बायकोला सांगत आलोय.) त्याचा नवा भाग हातात धरून खेळायच्या छोट्या यंत्रावर येणार हे कळलं आणि मला जेवण गोड लागेना. चार महिने मी रोज शाळेतून येताना कुरिअरच्या दुकानात डोकावत होतो. शेवटी शेवटी तर तिथला माणूस मला पाहून लांबूनच नाही म्हणून मान हलवायचा.

एका शुक्रवारी त्यानं मान हलवली नाही!

घरी येऊन खोका फोडला, चालू करणार, तेवढ्यात माय कडाडली, "थांब बाबू! नवीन मशीन पूजा केल्याबिगर चालू करते काय कोणी?"

आमच्याकडे फवारणीचा पंप असो की मिक्सर, कुंकू लागून नारळ फुटल्याशिवाय बटण दाबायचं नाही. मायनं यंत्र पाटावर ठेवलं, ठसठशीत कुंकू लावलं. नारळ मी हाती घेतला. चार महिन्यांचा सगळा उतावीळपणा त्या एका घावात उतरला. नारळाचं निम्मं पाणी देवाला पोचलं आणि निम्मं यंत्रात! पडदा एकदा चमकला आणि काळा झाला.

"आता काय करता?" सुनंदा, म्हणजे आमची सौ., म्हणाली. "मोबाईल भिजला का तांदरात ठेवते ना जी लोक?"

लोक वाटीभर तांदळात ठेवतात. पण आम्ही पडलो धानाच्या मुलखातले! पडवीत नव्या तांदळाचे सहा कट्टे, म्हणजे पोती, उभे होते. मी यंत्र पुसलं (कुंकू पुसायला मायनं हात लावू दिला नाही), एका कट्ट्यात कोपरापर्यंत हात घालून खोल खुपसलं, आणि हवा लागू नये म्हणून दाभणानं कट्ट्याचं तोंडही शिवून टाकलं. गुरुजींचं काम कसं, पक्कं!

दुसऱ्या दिवशी एकोडीला माझ्या बहिणीच्या नणंदेचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता. मी आदल्या दिवशीच तोंड पाडून सांगून टाकलं होतं, "मले शाळेत यादीचं काम आहे." (यादी कसली? यंत्र वाळलं की खेळायचं होतं!) शनिवारची सकाळची शाळा सुटली तसा धावत घरी आलो. माय आणि सुनंदा सकाळच्या एसटीनं गेल्या होत्या. पडवीत कट्टे मोजले. पाच.

पाचही उपसले. नुसता तांदूळ!

मग आठवलं. मायनं लेकीकडे कार्याला नवा तांदूळ द्यायचं कबूल केलं होतं. आणि तोंड शिवलेला, एसटीत सांडणार नाही असा कट्टा घरात एकच होता.

माय, सुनंदा, बहीण, तिघींना फोन लावले. एकीनंही उचलला नाही. आता माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र. गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, पन्नास माणसांचा भात रटरटतोय आणि तळाशी बॅटरी शिजतेय! ती फुटली तर? गेम गेला खड्ड्यात, माणसं वाचली पाहिजेत. गाडीला किक मारली आणि सुसाट एकोडीकडे निघालो.

पोचलो तेव्हा मांडवात पंगत बसलेली, भात वाढलेला. नवरदेवाचे वडील पहिला घास तोंडात घालणार, एवढ्यात मी झेप घेऊन त्यांचा हात धरला.

"जेवू नका!"

घास त्यांच्या धोतरावर सांडला. पंगत जागच्या जागी थिजली.

"पाल पडली काय जी?" कोणीतरी घाबरून विचारलं.

"पाल नाही, गेम!"

तेवढ्यात बहिणीची सासू पदर सावरत बाहेर आली. "हे शोधून राहिले काय गुरुजी तुम्ही? तांदूर पाखडतानी निंगाला. कुंकू लावला होता, म्हटला कोणाचा तरी देव होय. ठेवला मी देव्हाऱ्यात."

मी धावत देव्हाऱ्यापाशी गेलो. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. माणसं सुखरूप, भात सुखरूप, आणि गणपतीशेजारी, डोक्यावर फूल घेऊन, माझं यंत्रही सुखरूप! बटण दाबलं तर चक्क चालू झालं.

"यादी झाली काय जी?" सुनंदानं गोड आवाजात विचारलं.

"दाखवा बरं गुरुजी," धोतर झटकत नवरदेवाचे वडील म्हणाले, "एवढा काय आहे त्याच्यात?"

अख्खा मांडव माझ्याभोवती जमला. हिरो धावला, पहिला खड्डा आला, हिरो खड्ड्यात. पुन्हा धावला. पुन्हा खड्ड्यात. अकरा वेळा! चार महिने ज्याची वाट पाहिली तो गेम हाच? यात पुढे काही आहे की नाही, हेच मला कळेना.

"तुम्ही तं डोळे मिटून खड्डे पार करत होते ना जी?" सुनंदा.

"डोरे उघडून खेळ बाबू," माय काळजीनं म्हणाली.

"आणा बरं इकडे, पाहू द्या मले," म्हणत सुनंदानं हात पुढे केला. ती एका झटक्यात पार करणार, हे मला तिच्या चेहऱ्यावरच दिसलं. मी यंत्र घाईघाईनं बंद केलं.

"हात नको लावू! अजून ओलं आहे आतून. म्हणून तर उडी बसून नाही राहिली."

"मंग ठेव ना अजून तांदरात," माय म्हणाली.

घरी आल्यावर लगेच ठेवलं. परवा भाचीच्या बारशाला द्यायचा कट्टा काढलाय, त्यातच. आणि या वेळी कोणाला देव वाटू नये म्हणून कुंकू मी स्वतः पुसून टाकलंय!