भरल्या पोटाची मेंढरं

केमच्या स्टेशनावर मला सासरी पाठवायला वडील, म्हणजे आमचे अण्णा, मेंढरं घेऊनच आले होते. आई लग्नघरात अडकलेली, मग मेंढरं सोडणार कुणावर? ती रुळाच्या कडेला चरत होती, आणि अण्णा मला सासरच्या माणसांसमोर भाकरी खायला लावत होते. "खा. भरल्या पोटानं जा." सासूबाईंनी नाक मुरडलं. "आमी काय उपाशी ठेवनार हाय व्हय हिला?" अण्णांनी भाकरीचा आणखी एक तुकडा माझ्या हातात दिला.

आक्के, तू थोरली, तुला अण्णांची ही रीत ठाऊक आहे, पण गाव सोडून गेलेल्यांची पोरं विचारतात म्हणून लिहिते. नव्या रानात मेंढरं उपाशी शिरवायची नाहीत. आधी ओळखीच्या माळावर चारायची. भरल्या पोटाचं मेंढरू लई चोखंदळ. पवन्या गवताचा कोवळा शेंडा तेवढा खुडेल, बांधावरचा रानमुगाचा वेल हुडकून काढेल, कुसळं धरलेल्या गवताचा नुसता वास घेऊन पुढं जाईल. तेच उपाशी असलं, की ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांवर तुटून पडतं आणि विषबाधा होऊन तिथंच आडवं होतं.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत, माझ्या सासरी मात्र सगळ्यांना मेंढरांचं भारी ज्ञान. घोंगड्यांचं दुकान ना! "मेंढराला काय, पुढं टाकलं ते खातंय," हे रोज माझ्याकडं बघून. या लोकांनी मेंढरू पाहिलं ते घोंगडं होऊन आलेलं. शेजाऱ्यानं टेरिलीन घेतलं की यांना टेरिलीन हवं, समोरच्यानं ट्रान्झिस्टर आणला की यांच्या घरात दुसऱ्या दिवशी ट्रान्झिस्टर. आणि नावं ठेवायची मेंढरांना.

मग दुष्काळात आपला माळ करपला. सासऱ्यांचं शहराबाहेर विहिरीचं रान होतं, तिथं गवत टिकून होतं. मेंढरं आईवर सोपवून अण्णा ते रान मागायला आले. सासूबाईंनी त्यांना रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीची भाकरी वाढली. शेजारी सासरे घरच्या पांढऱ्या शाळूची खात बसले होते. मी दाराआड उभी. अण्णांनी ती भाकरी मुकाट्यानं खाल्ली तर मेंढरं जगणार होती, आणि मला त्या घरात जन्मभर तसलंच ताट मिळणार होतं.

अण्णांनी ताटाला हात जोडले. "पोट भरलंय माजं. स्टेशनावर खाऊन आलोय." खरंच आले होते, धोतराला भाकरीचा चुरा लागलेला मला दिसत होता.

सासरे म्हणाले, "मग रानाचं कसं?"

"ऱ्हाऊ द्या की."

ते मेंढरं घेऊन वैरागच्या बाजूला गेले. निम्मी वाटेतच मेली. त्याचा सासरच्यांवरचा राग मी अजून सांभाळून ठेवलाय, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

पुढं आम्ही नवराबायको दोन गल्ल्या सोडून वेगळे राहिलो. सणावाराला त्या घरी जावंच लागतं. आता तिथं मला शाळूची भाकरी वाढतात, वर तूप. तू मागं विचारलं होतंस, तुझं घर आता केम की सोलापूर? माझी स्टोव्हवाली एवढीशी खोली, तेच घर. तिथं कुणाचे उपकार नसलेली माझ्या हातची भाकरी मी आधी खाते, मगच सासरच्या उंबऱ्यात पाऊल टाकते. तिथं ताटातलं मला हवं तेवढं निवडते, बाकीचं राहू देते. सासूबाई म्हणतात, "अगं, खा की."

मी म्हणते, पोट भरलंय माझं.