सोफ्याला टेकवलेली चित्रं

आमच्या रविवारच्या बैठकीत चित्रं कमी पूर्ण होतात आणि किस्से जास्त जमतात. चहाच्या वेळी कुणी नुसतं "अरे, तो त्या दिवशीचा..." म्हटलं की संपलंच, पोहे गार! मला तर ऑफिसच्या मीटिंगमध्ये एखादा आठवतो आणि कॅमेरा बंद करावा लागतो.

बैठक म्हणजे बिबवेवाडीतला वैदेहीताईंचा हॉल. ताई गातात, मंदार तबला वाजवतो, मी चित्र काढते. गाणं सुरू झालं की ब्रश उचलायचा, संपलं की ठेवायचा. चित्र अर्धं राहिलं तर राहिलं. मग ते सोफ्याला टेकवून सगळ्यांनी बघायचं, हा आमचा नियम.

*

मी खराडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेते. पहिल्या रविवारी मी ताईंचा चेहरा काढला. अगदी हुबेहूब, नाकातल्या चमकीसकट. कौतुकाची वाट बघत बसले.

ताईंनी चष्मा लावून पाहिलं. "छान आहे. पण आरसा आहे गं माझ्याकडे. मी तासभर गात होते, ते कुठंय यात?"

त्या दिवसापासून मी चेहरे काढायचे सोडले.

*

एकदा मी रुंद ब्रश घेऊन मागची निळाई भरत होते. वरून खाली, वरून खाली, जोरात. ताई संथ गात होत्या आणि तबल्याची लय मात्र वाढत चालली होती. दोनदा त्यांनी मंदारकडे वळून पाहिलं. पठ्ठ्याचे डोळे माझ्या ब्रशवर!

ताई गायच्या थांबल्या. "मंदार, आधी माझी साथ कर. तिची भिंत रंगवून झाली की तिच्याकडे जा."

*

ताईंचंही असं झालंय. एका रविवारी माझा अर्धा कागद कोराच राहिला. गाणं संपलं, मी काय करणार? ताई मात्र त्या कोऱ्या भागाकडे बराच वेळ बघत राहिल्या. "हे बरं वाटतंय गं डोळ्यांना," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या रविवारी गाता गाता मध्येच गप्प. परत दोन ओळी, परत गप्प. मंदार घाबरला. त्याने वाकून हळूच पुढचे शब्द सांगितले.

"पाठ आहेत मला," ताई म्हणाल्या. "मोकळी जागा सोडतेय. तू ती भरू नकोस."

*

कांबळेकाका आमच्यात आले तेही असेच. ते वरच्या मजल्यावर राहतात. गाणं रंगात असताना बेल वाजली, दारात काका. आता आवाजाची तक्रार येणार म्हणून मंदारने तबल्यावरचा हातच काढला.

"तुम्ही दार लावून घेता," काका म्हणाले, "वर नीट ऐकू येत नाही."

तेव्हापासून त्यांची खुर्ची ठरलेली. काकांनी तरुणपणी नागपुरात दुकानांच्या पाट्या रंगवल्या, मग सरकारी नोकरीत पुण्याला आले. निवृत्तीनंतर मनसोक्त चित्रं काढायची, असं ठरवलं होतं त्यांनी. नेमका तेव्हाच उजव्या हाताला कंप सुटला. सगळे ब्रश वाटून टाकले म्हणे. मी एकदा त्यांच्यापुढे पेन्सिल ठेवली.

"या हाताची सही बँक घेत नाही," ते म्हणाले, "चित्र कोण घेणार?" आणि पेन्सिल परत दिली. मला फार वाईट वाटलं. उगाच ठेवली, असं झालं.

*

आणि हा गेल्या महिन्यातला. ताईंचा घसा बसला होता. "आज गाणं नाही, नुसता तानपुरा. पण रिकामं कुणी बसायचं नाही," असं म्हणत त्यांनी मंदारला कागद दिला, मला दिला आणि काकांच्याही मांडीवर ठेवला. नंतर डोळे मिटून तानपुरा छेडत बसल्या. आग्रह नाही, काही नाही.

काका बराच वेळ कागदाकडे बघत होते. मग त्यांनी पेन्सिल उचलली. मी मुद्दाम तिकडे पाहिलं नाही.

तानपुरा थांबला. तिघांनीही तानपुराच काढला होता. मंदारने चारही तारा पट्टीने आखल्या होत्या. माझ्या तारा पट्टीशिवायच सरळ आल्या, म्हणून मी खुशीत. काकांनी कागद पालथा घातला.

"तार सरळ येत नाही. हात हलतो."

ताईंनी कागद ओढून घेतला आणि आमच्या दोन चित्रांच्या मध्ये सोफ्याला टेकवला. भोपळा वेडावाकडा आणि चारही तारा वरपासून खालपर्यंत थरथरत होत्या. ताईंनी खऱ्या तानपुऱ्याची एक तार छेडली, तिच्याकडे पाहिलं, मग चित्रांकडे.

"मंदार, तुझा तानपुरा वाजत नाहीये." मग माझ्याकडे वळून, "तुझाही नाही."

काकांच्या चित्रापुढे त्या वाकून उभ्या राहिल्या. जरा कान दिल्यासारखं केलं.

"काका, शेवटची तार किंचित उतरलीय."

काकांनी खिशातून चष्मा काढून लावला आणि हात पुढे केला.

"आणा इकडे," ते म्हणाले, "लावून देतो."