वहिनीच्या प्रोग्रॅमचं सोवळं

आमची राजेश्वरी वहिनी सांगलीची. लग्न होऊन शिराळ्यात आली ती लॅपटॉप घेऊनच. घरी बसून प्रोग्रॅम लिहिते. तिच्या लाडक्या फंक्शनल भाषेचा नियम असा, की एकदा ठेवलेली माहिती बदलायची नाही; बदल हवा तर नवी प्रत करायची. मी नणंद, त्यामुळे चिडवायचा हक्क माझा. "देवाचं नाही, पण प्रोग्रॅमचं सोवळं पाळतेस हो," मी म्हणायची.

यंदा तिनं सांगलीत नदीकाठच्या घरांसाठी पुराचा प्रोग्रॅम केला. कोयनेकडून पाण्याचे आकडे आले, की कुठल्या गल्लीत पाणी शिरेल ते काढायचं आणि घरोघरी मेसेज धाडायचा. तिचे वडील, अनंतकाका, अशाच एका गल्लीत एकटे राहतात. भलते हट्टी. "लेकीच्या प्रोग्रॅमचा मेसेज आला की निघेन," हे त्यांनी सगळ्या गल्लीला ऐकवलेलं.

नागपंचमीच्या सकाळी धरणातून पाणी सोडलं आणि प्रोग्रॅम बंद पडला. पुन्हा चालू केला, पुन्हा पडला. दर आकड्याला तो साऱ्या घरांच्या माहितीची नवी प्रत करायचा, जुन्याही सांभाळून ठेवायचा. मेमरी भरून जायची.

वहिनीनं काकांना फोन लावला. "बाबा, मी सांगतेय ना, निघा!"

"तू काळजीपोटी सांगतेस. प्रोग्रॅमला सांगू दे."

मला तर म्हाताऱ्याचा संतापच आला.

आमच्याकडे या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. पुरणाची दिंडं उकडायची. माझी आई, मनुबाई, परातीत कणीक मळत होती. वहिनी बघतच राहिली.

"अगं, बघत काय बसलीस? पुरण वाट की!" आई करवादली.

"आई, दर बुक्कीला नवी परात घेतली तर?"

"याड लागलंय व्हय तुला? येवढ्या पराती कुठनं आणू?"

वहिनी उठलीच. जागच्या जागी बदलता येणारी यादी तिच्या भाषेतही होती. हीच तिला कधी शिवली नव्हती. आता तिनं सगळ्या घरांची एकच यादी ठेवली. हिशेब चालू असेतो आतल्या आत बदलायची, पुरा झाला की बाहेर द्यायची ती पक्की, पुन्हा हात न लावण्याजोगी. प्रोग्रॅम चालू झाला आणि चालतच राहिला. मेसेज गेले.

थोड्या वेळानं काकांचा फोन आला. ते मिरजेला बहिणीकडे पोचले होते, गल्लीही रिकामी झाली होती. मला एकदम हायसं वाटलं.

"बाबा, एवढा कसला हो हट्ट?" वहिनी ओरडली.

"पिशवी सकाळीच भरली होती गं. पण मेसेजची वाट न बघता मीच निघालो असतो, तर तुझ्या मेसेजवर गल्लीतलं कोण हललं असतं?"

वहिनीनं फोन ठेवला. आईच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडली.