पुढची सीट

कुसाबाईंना द्वारका बघायची होती, आणि द्वारकेच्या आड येत होतं त्यांचं स्वतःचंच पोट.

दोन हजार तीन सालची गोष्ट. त्यांचा मुलगा सुनील अंबडच्या कारखान्यात होता. त्याने जुनी मारुती व्हॅन घेतली आणि नाताळच्या सुट्टीत सोमनाथ-द्वारका करायचं ठरलं. झालं, नाशिक रोडच्या त्या घरात रोज संध्याकाळी जमिनीवर नकाशा पसरू लागला. शेजारीपाजारी येऊन त्यावर आपापलं बोट फिरवून जायचे. जो जन्मात कधी दिंडोरीपलीकडे गेला नव्हता, तोसुद्धा सुरतेचा रस्ता छातीठोकपणे सांगायचा.

रस्ते दोन. जवळचा सापुताऱ्याचा घाट उतरून, लांबचा धुळ्यावरून, बराचसा सपाट. आणि कुसाबाईंना गाडी लागायची. अशी लागायची, की एसटी स्टँडाबाहेर पडायच्या आत पिशवी तोंडाशी. मुठीत लिंबू, पोटावर साडीच्या आत वर्तमानपत्राची घडी, तोंडात आवळासुपारी, सगळं करून झालं होतं. काडीचा फरक नाही. त्यांचे यजमान खंडेराव नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले, कडक माणूस. ते म्हणायचे, हे सगळे मनाचे खेळ आहेत. शेवटी सुनीलनेच निकाल दिला, की आईसाठी धुळ्यावरून जाऊ, पण मग सुट्टी पुरायची नाही, सोमनाथहूनच परत फिरू.

आपल्यापायी द्वारका बुडतेय म्हटल्यावर कुसाबाईंना घास गोड लागेना. भावाला भेटायचं निमित्त काढून त्यांनी तडक त्याचं गाव, देवळा, गाठलं. तिथे त्यांचा भाचा नाथा पिकअपमधून लाल कांदा गुजरातला पोचवायचा, सापुताऱ्याच्याच घाटाने. मला घाटाची सवय करायचीय, घेऊन चल, असं त्यांनी त्याला फर्मावलं. नाथाने कपाळाला हात लावला, पण आत्यापुढे कोणाचं चालतंय?

लिंबू, पेपर, पिशव्या असा जामानिमा करून बाई निघाल्या. मागे कांद्याच्या गोण्या, त्यामुळे बसायचं नाथाशेजारी, पुढेच. घाट सुरू झाला तशा त्या डोळे गच्च मिटून बसल्या. एक वळण गेलं, दुसरं गेलं, पोट आपलं गप्प. हळूच डोळे उघडले तर समोर अख्खा रस्ता, पुढची वळणं लांबूनच दिसतायत, दरीत थंडीचं धुकं. घाट संपेपर्यंत बाईंनी नाथाचे सगळे शेंगदाणे फस्त केले, आणि मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे, आपण जन्मभर मागेच बसत आलो! पुढची सीट नवऱ्याची, नाहीतर सासऱ्याची, नाहीतर जावयाची. बाईमाणूस मागे, पोरं आणि पिशव्या सांभाळत. असं कोणी ठरवलं नव्हतं, आणि कधी कोणी विचारलंही नव्हतं.

घरी येताच त्यांनी नकाशावर बोट टेकवलं.

"सापुताऱ्यावरून जायचं. द्वारका करायची. आणि पुढे मी बसणार."

खंडेरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला. रस्ता दाखवायला पुढे पुरुषमाणूस लागतो, असं काहीतरी ते पुटपुटले. सुनीलने हसू दाबत नकाशाची घडी घातली.

निघायच्या दिवशी पहाटे अशी थंडी, की बोलताना तोंडातून वाफा येत होत्या. कुसाबाई सगळ्यांच्या आधी पुढे जाऊन बसल्या आणि दार ओढून घेतलं. खंडेराव क्षणभर गाडीपाशी घुटमळले, मग मागे सून स्नेहल आणि नात आरोही यांच्यामध्ये दशम्यांचा डबा मांडीवर घेऊन बसले.

घाट लागला तशी बाईंच्या आनंदाला सीमा राहिली नाही. हे बघ, ते बघ, म्हणून त्यांनी सुनीलला भंडावून सोडलं. मागचा आवाज मात्र हळूहळू बंद झाला. मग खंडेराव बारीक आवाजात म्हणाले, "सुनील, जरा बाजूला घे रे."

ते कठड्याला धरून ओणवे झाले. कुसाबाईंनी उतरून त्यांची पाठ चोळली, पाणी दिलं, हातात आपलं लिंबू ठेवलं. खंडेराव बराच वेळ त्या लिंबाकडे बघत राहिले.

"लग्नापासून तुला दर वेळी हे असंच व्हायचं?"

"हो," त्या म्हणाल्या.

खंडेराव गाडीपाशी गेले. त्यांनी पुढचं दार उघडून धरलं, आणि त्या बसल्यावर लिंबू घेऊन मागे जाऊन बसले.