मॅनेजर सरांच्या निवडींचा निवाडा

मंडळी, लातूरहून नांदेडला परत येताना एसटीत बसूनच हे लिहून राहिले.

तीन वर्षांपूर्वी लातूरच्या आमच्या बेसबॉल क्लबच्या मॅनेजर सरांनी मला नांदेडच्या क्लबला देऊन टाकलं आणि बदल्यात दोन पोरी घेतल्या. मला साधं विचारलंसुद्धा नाही. तेव्हापासून लातूरचा संघ हरतोय. म्हणून क्लबच्या नव्या समितीनं आज मलाच बोलावलं होतं, सरांचे निर्णय तपासायला.

मी महिनाभर तयारी केली होती. कोणाला काढलं, कोणाच्या बदल्यात कोण आली, चांगली कॅचर बाकावर का बसवून ठेवली, सगळं समितीसमोर एकेक करून वाचलं. सर मान खाली घालून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "नसरीन, माझी एखादी तरी निवड बरोबर निघाली असंल की."

"मला तर न्हाई दिसली, सर," मी म्हणाले.

समितीनं त्यांना तिथंच काढून टाकलं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.

पण एक निवड बरोबर होती. चाकूरची एक पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी पोरगी, सगळ्यांनी नाकारली होती. सरांनी एकट्यानं भांडून तिला संघात घेतलं. आज संघात तिच्या तोडीचं कोणी नाही. तिला सरांनीच आणलं, हे नव्या समितीला ठाऊक नाही, आणि सरांनीही तिचं नाव घेतलं नाही. माझ्या टिपणांतलं तिच्याबद्दलचं पान मी मुद्दाम पिशवीतच ठेवलं.

उद्या समितीला फोन करून सांगावं का? माझं मन अजून नाही म्हणतंय. तुम्ही सांगितलं असतं?